आवाजाची आरती पुरे, कामाकडे बघा

२ ऑक्टोबर २०१६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानावर लॉस एंजेलिस डॉजर्स हा बेसबॉल संघ ७-१ असा हरला. डॉजर्सना त्या निकालाचं फारसं सोयरसुतक नव्हतं, गटविजेतेपद आधीच खिशात होतं. तो सामना लक्षात राहिला, कारण व्हिन स्कली यांनी त्या दिवशी माइक खाली ठेवला. एकाच संघाचं समालोचन, तेही सलग ६७ हंगाम! २ ऑगस्ट २०२२ रोजी वयाच्या ९४व्या वर्षी ते गेले तेव्हा, आणि त्यानंतरही बेसबॉलमधला कुठलाही जुना समालोचक निवृत्त झाला की, एकच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, असा आवाज पुन्हा होणे नाही. दुसरी म्हणते, झालं गेलं. आता खेळातला प्रत्येक क्षण अर्ध्या मिनिटात फोनवर दिसतो, मध्येच गोष्टी सांगत बसणारे आजोबा हवेत कुणाला? भांडण जोरात असलं तरी एका गोष्टीवर दोन्हीकडे मूक एकमत आहे. स्कली म्हणजे एक दैवी योगायोग, आला आणि गेला. वाद बिघडतो तो इथेच.

स्कलींचा गळा त्यांचा स्वतःचा होता, ते कबूल. पण ज्यासाठी लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं ते नुसत्या गळ्याने घडलं नव्हतं. त्यामागे कामाची एक पद्धत होती आणि ती पद्धत जगू देणारी व्यवस्था होती. पद्धत सांगता येते, शिकवता येते, तिच्यासाठी पैसे मोजता येतात. आणि ते पैसे वाचवायचं ठरवलं की ती मरतेही. ‘पुन्हा होणे नाही’ हे वाक्य शोकसभेत शोभतं, पण त्याचा खरा फायदा होतो तो वाहिन्यांच्या आणि क्लबांच्या मालकांना. जे पुन्हा होणारच नाही त्याच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण करणार?

स्कलींचा जन्म १९२७चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. आठ वर्षांचा मुलगा चार पायांच्या भल्या मोठ्या रेडिओखाली सरपटत जाऊन बसायचा आणि वरून कोसळणारा प्रेक्षकांचा गलका अंगावर घ्यायचा. कॉलेज फुटबॉलचे ते सामने कुठल्या दूरच्या गावातले असत, त्यातले संघही त्याच्या ओळखीचे नसत. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे आणि तिच्यातला महत्त्वाचा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. मुलाला वेड लागलं ते गर्दीच्या आवाजाचं, समालोचकाच्या आवाजाचं नव्हे. फोर्डहॅम विद्यापीठातून बाहेर पडल्यावर नोव्हेंबर १९४९मध्ये नावाजलेले समालोचक रेड बार्बर यांनी त्यांना बोस्टनच्या फेनवे पार्कमध्ये एका फुटबॉल सामन्याला पाठवलं. समालोचकाची खोली, म्हणजे बूथ, मिळाला नाही. छपरावर, ओव्हरकोटाविना, साठ वॅटच्या दिव्याच्या उजेडात, लांबलचक केबल ओढत त्यांनी सामना सांगितला आणि थंडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. बार्बरना ही हकीकत नंतर कळली. १९५०मध्ये स्कली डॉजर्सच्या समालोचन चमूत होते; तेव्हा हा संघ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये होता.

बार्बरकडून काय मिळालं? इथे पद्धत दिसायला लागते. बार्बर बूथमध्ये तीन मिनिटांची वाळूची घटका ठेवत. अंडी उकडताना वापरतात तसली. वाळू संपली की धावफलक सांगायचा आणि घटका उलटी करायची. हे इतकं बाळबोध का? कारण रेडिओ कुणी पहिल्यापासून ऐकत नाही. कुणी आत्ताच गाडी सुरू केलेली असते, कुणी स्वयंपाकघरातून बाहेर आलेलं असतं. त्याला पाच गोष्टी लगेच हव्या असतात: कोण किती धावांनी पुढे, कितवी इनिंग, किती बाद, कुठल्या बेसवर कोण, आणि बॅटरपुढे बॉल-स्ट्राइकची गिनती काय. बॅटरच्या टप्प्याबाहेर गेलेला आणि त्याने सोडलेला चेंडू तो बॉल; हुकलेला, किंवा टप्प्यात असून सोडलेला, तो स्ट्राइक. चौथा बॉल पडला की बॅटरला बेस फुकट आणि तिसऱ्या स्ट्राइकवर तो बाद. म्हणजे प्रत्येक चेंडूनंतर गिनती बदलते आणि तिच्याबरोबर पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पुढे काय टाकेल हेही बदलतं. गोष्ट सांगणारा समालोचक हे विसरला की श्रोता सामन्याबाहेर फेकला जातो. स्कलींची गोष्ट कधी सलग नसे. अर्धं वाक्य, मग चेंडू, मग ‘बाहेरून गेला, दोन आणि एक’, मग उरलेलं वाक्य. बॅटर मध्येच बाद झाला की धागा पुढच्या बॅटरपर्यंत हातात धरून ठेवायचा, नाहीतर तिथल्या तिथे सोडून द्यायचा. ऐकणाऱ्याला ते सहज वाटे. हातात स्कोअरबुक, समोर प्रत्येक खेळाडूवरची टिपणं आणि बोलताना डोळा पिचरच्या हातावर, एवढं सांभाळून ते होत असे.

दुसरी गोष्ट अशी की डॉजर्सच्या टीव्ही सामन्यांत ते एकटे बसत. शेजारी माजी खेळाडू नाही, विश्लेषक नाही. शेजारी माणूस असला की समालोचक त्याच्याशी बोलतो आणि प्रेक्षक दोघांचं संभाषण ऐकतो. एकटा असला की बोलायला समोर प्रेक्षकच उरतो. स्कली आपल्या संघाला ‘आपण’ म्हणत नसत, हेही याच शिस्तीतलं. शेवटच्या काळात सामन्याच्या पहिल्या तीन इनिंग टीव्ही आणि रेडिओवर एकत्रच जात, मग रेडिओ दुसऱ्यांकडे. चित्र पाहणारा आणि चित्र न पाहणारा, दोघांना एकाच वाक्यात सांभाळायचं! जास्त सांगितलं तर टीव्हीवाला वैतागणार, कमी सांगितलं तर रेडिओवाला आंधळा होणार. हे जमलं ते टीव्हीवर वाढलेल्या माणसाला जमलं नसतं. रेडिओचा पाया पक्का, म्हणून टीव्हीवर काय गाळायचं ते कळायचं.

आता व्यवस्थेकडे येऊ. १९५८मध्ये डॉजर्स ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला आले आणि पहिले चार हंगाम मेमोरियल कोलिझियममध्ये खेळले. ते स्टेडियम बेसबॉलचं नव्हतंच. डावीकडची सीमा जेमतेम २५१ फुटांवर, म्हणून तिथे चाळीसेक फूट उंच जाळी उभारलेली. तर काही खुर्च्या होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, सातशे फुटांवर. १९५९च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेच्या, पाचव्या सामन्याला ९२,७०६ लोक होते. एवढ्या लांबून चेंडू दिसणार कसा? लोक ट्रान्झिस्टर घेऊन यायला लागले, आणि समोर सामना चालू असताना तो स्कलींकडून ऐकायला लागले. समालोचकावर याहून कडक तपासणी कुठली? हजारो माणसं एकाच वेळी बघतही होती आणि ऐकतही होती. चुकीला माफी नव्हती. १९६०मध्ये एकदा पंच फ्रँक सेकरी यांचा वाढदिवस आहे हे स्कलींनी सांगितलं, एक-दोन-तीन म्हटलं आणि अख्ख्या स्टेडियमने पंचाला एका सुरात शुभेच्छा दिल्या. हा किस्सा लोक स्कलींच्या जादूचा म्हणून सांगतात. जादू होतीच, पण तिला विजेच्या वेगाने जाणारं प्रक्षेपण लागत होतं. मैदानात बोललेला शब्द मैदानातल्या रेडिओवर त्याच क्षणी पोहोचत होता. आज फोनवरचं स्ट्रीमिंग खेळाच्या वीस-तीस सेकंद मागे असतं आणि प्रत्येक फोन वेगवेगळ्या अंतराने मागे असतो. एक-दोन-तीन म्हणायला साक्षात स्कली परत आले तरी स्टेडियम एका सुरात गाऊ शकणार नाही. हे माणसाचं न्यून की यंत्रणेचं?

त्या काळात डॉजर्सचे घरचे सामने टीव्हीवर दाखवलेच जात नसत. दिसत ते मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोतले मोजके. मालक वॉल्टर ओमॅली यांना तिकीटविक्रीची काळजी होती. त्यामुळे शहराचं बेसबॉल म्हणजे रेडिओ. ९ सप्टेंबर १९६५ची रात्र घ्या. डॉजर्सचा पिचर सँडी कोफॅक्स शिकागो कब्जविरुद्ध ‘परफेक्ट गेम’च्या उंबरठ्यावर: नऊ इनिंगमध्ये सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर बाद, एकही बेसवर नाही. नवव्या इनिंगचं ध्वनिमुद्रण आज ऐकलं की अलंकार फार थोडे सापडतात आणि निरीक्षणं भरपूर. कोफॅक्स मागे सरकतो, कपाळावरून डावी तर्जनी फिरवतो, ती डाव्या मांडीवर पुसतो. मैदानात २९,००० माणसं आणि दहा लाख फुलपाखरं, असं एक वाक्य येतं खरं, पण त्याच्या आगेमागे सगळे हात, टोपी, पट्टा, घाम. आणि घड्याळ. स्कली पुन्हा पुन्हा वेळ सांगतात: नऊ वाजून एक्केचाळीस, चव्वेचाळीस, शेवटच्या चेंडूला शेहेचाळीस. कशासाठी? अशा सामन्याची शेवटची इनिंग ते मुद्दाम ध्वनिमुद्रित करून घेत, पिचरला आठवण म्हणून द्यायला. वर्षांनी ऐकताना नेमका क्षण हाती लागावा म्हणून वेळेची नोंद. एका व्यावहारिक हेतूने केलेली ही नोंद पुढे अमेरिकी रेडिओतल्या सर्वांत नावाजलेल्या तुकड्यांपैकी एकाचा कणा ठरली. शेवटचा स्ट्राइक पडला, ‘परफेक्ट गेम!’ एवढं म्हणून ते थांबले. पुढची ३८ सेकंदं फक्त गर्दी.

या थांबण्याबद्दल फार गोड गोड लिहिलं जातं, म्हणून जरा तांत्रिक बोलू. समालोचकाचा माइक आणि प्रेक्षकांचा आवाज टिपणारे माइक ध्वनिमिश्रण करणाऱ्याकडे वेगवेगळ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्यांवर, येतात. एकूण आवाज मर्यादेपलीकडे जाऊन फाटू नये म्हणून पुढे लिमिटर असतो. गर्दी उसळलेली असताना समालोचक वरच्या पट्टीत ओरडला तर लिमिटर सगळंच दाबतो आणि गर्दी एकदम लांब गेल्यासारखी वाटते. तो गप्प राहिला तर मिश्रण करणाऱ्याला गर्दी वर घेता येते. म्हणजे मौन हा एकट्याचा संयम नसतो. ते त्याचं, ध्वनितंत्रज्ञाचं आणि टीव्हीवर असेल तर दिग्दर्शकाचं सामाईक काम असतं. ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात हँक एरनने ७१५वा होमरन, म्हणजे चेंडू सीमेपार धाडणारा फटका, मारून बेब रूथचा विक्रम मोडला, तेव्हा स्कली हेडसेट काढून बूथच्या मागच्या बाजूला गेले आणि घोटभर पाणी प्याले. परतल्यावर सांगितलं की अमेरिकेच्या दक्षिण भागात एका कृष्णवर्णीय माणसाला लोक उभं राहून मानवंदना देत आहेत. गर्दी पुरेशी ऐकू येऊन गेली होती, म्हणून ते वाक्य भाषण झालं नाही. १९८६च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना आणि १९८८मधला डॉजर्सच्या कर्क गिब्सनचा होमरन हे एनबीसी या राष्ट्रीय वाहिनीवरचे. तिथे शेजारी सहसमालोचक जो गॅराजिओला होते. तेही गप्प राहिले. दिग्दर्शक हॅरी कॉइल यांनी डगआउट (खेळाडूंची बसायची जागा), गर्दी, खेळाडूंचे चेहरे अशी चित्रं लावली. १९८६मध्ये ते मौन तीन मिनिटांहून जास्त चाललं. आजच्या प्रक्षेपणात तीन मिनिटांत दोन प्रायोजकांची नावं घ्यायची असतात.

आता विरुद्ध बाजूचं ऐकू, कारण तिच्याकडे मुद्दे आहेत आणि ते टाळून चालणार नाही. पहिला मुद्दा स्मरणरंजनाचा. हजारो सामन्यांतले पाच-सहा तुकडे आपण पुन्हा पुन्हा ऐकतो आणि त्यावरून अख्खा माणूस ठरवतो. हे खरं आहे. कोफॅक्स, एरन, गिब्सन यांनी इतिहास घडवला तेव्हा माइकवर कुणीही चांगला माणूस असता तरी तुकडा गाजला असता. पण ६७ वर्षं माणसं या पाच-सहा रात्रींसाठी रेडिओ लावत होती का? हंगामात १६२ सामने असतात. लोकांनी ऐकला तो जुलैतला मंगळवार, संघ सात धावांनी मागे, निकाल ठरलेला. अशा सामन्यात श्रोता टिकवणं हीच समालोचकाची खरी परीक्षा, आणि तिथे नाट्य उसनं आणता येत नाही. तिथे टिपणं, गिनती आणि अर्धवट सोडलेली गोष्ट एवढंच उपयोगी पडतं. निरोपाच्या लेखांत हे मंगळवार येत नाहीत, याबद्दल स्मरणरंजनवाल्यांना धरायला हवं. स्कलींना नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार. खेळच बदलला. २०२३पासून पिचरला घड्याळ लागलं: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत चेंडू टाकायचा. नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी लांबी एका हंगामात तीन तास चार मिनिटांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आली. मग गोष्टीला जागा कुठे उरली? मुद्दा बिनतोड वाटतो, जोवर कुणी जुन्या सामन्यांची लांबी बघत नाही. कोफॅक्सचा तो परफेक्ट गेम एक तास त्रेचाळीस मिनिटांत संपला होता. स्कलींची पद्धत वेगवान बेसबॉलमध्येच घडली. रेंगाळणारे तीन-तीन तासांचे सामने नंतर आले, आणि तिथे ती पद्धत टिकली हा तिचा लवचीकपणा. घड्याळामुळे गोष्ट मरत नाही, पाल्हाळ मरतं. त्यात वाईट काय?

तिसरा मुद्दा ज्ञानाचा. २०१५पासून स्टॅटकास्ट या मोजमाप यंत्रणेमुळे चेंडूचा वेग, फिरकी, फटक्याचा कोन, सगळं क्षणात समोर येतं. आणि पिचरने पकड कशी बदलली हे माजी पिचर सांगतो तेव्हा एकट्या समालोचकाला ते जमणार नाही. इथे मी निम्मा मुद्दा सोडून देतो. चांगला विश्लेषक खेळ शिकवतो, आणि एकट्याचा बूथ हा सगळीकडे लागू करायचा नियम होऊ शकत नाही. गॅराजिओलांबरोबर काम करताना स्कलींनीही तो केला नव्हता. पण आजच्या बहुतेक बूथमध्ये अडचण विश्लेषकाची नसते, मोकळी जागा भरायच्या घाईची असते. आकडा पडद्यावर दिसतोच आहे. तो पुन्हा वाचून दाखवणारा दुसरा माणूस कशाला?

चौथा मुद्दा सर्वांत बोचरा. स्कली क्लबच्या व्यवस्थेतले होते. ज्याच्या घासाला जागायचं त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? गोड आवाजाखाली बरंच काही झाकलं जातं. ज्या चावेझ रवीनमध्ये १९६२ला डॉजर स्टेडियम उभं राहिलं तिथून मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांना हुसकावून काढलं होतं, ही त्या शहराची जखम आहे; सामन्याच्या संध्याकाळच्या प्रसन्न स्वागतात तिला जागा नव्हती. हे मान्य करायलाच हवं. क्लबचा समालोचक पत्रकार नसतो, आणि झाला तर काय होतं ते स्कलींच्या गुरूलाच विचारावं. सप्टेंबर १९६६मध्ये बार्बर न्यूयॉर्क यँकीजचे समालोचक होते; संघ तळाला होता आणि एका सामन्याला तिकीट काढून आलेले प्रेक्षक होते फक्त ४१३. बार्बरनी कॅमेऱ्याला रिकाम्या खुर्च्या दाखवायला सांगितलं; नकार मिळाला. मग त्यांनी माइकवरच सांगून टाकलं की आजची बातमी सामना नाही, ही गर्दी आहे. थोड्याच दिवसांत त्यांची नोकरी गेली. या कसोटीला स्कली कधी उभे राहिले नाहीत, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. मात्र खेळापुरता प्रामाणिकपणा त्यांनी सांभाळला, आणि आज क्लबांच्या स्वतःच्या वाहिन्यांवर तेवढाही दुर्मीळ झाला आहे.

पद्धत ही एका गळ्याची मिरास नाही, याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच स्टेडियममध्ये, स्पॅनिश बूथमध्ये बसलेला होता. हाइमे हारीन मूळचे इक्वेडोरचे. १९५९पासून २०२२पर्यंत, ६४ हंगाम, त्यांनी डॉजर्सचे सामने स्पॅनिशमध्ये सांगितले. सुरुवातीच्या वर्षांत रेडिओ स्टेशन त्यांना बाहेरगावच्या सामन्यांना पाठवत नसे. स्टुडिओत बसून स्कलींचं इंग्रजी कानावर घ्यायचं आणि तत्क्षणी स्पॅनिशमध्ये सामना उभा करायचा. याहून कठोर शिकवणी कुठली असेल? हारीन यांचा आवाज, लय, स्वभाव, काहीच स्कलींसारखं नव्हतं. पण गिनती, धावफलक, खेळाडूची ओळख, गर्दीला वाट देणं हे सगळं होतं. १९८१मध्ये मेक्सिकोच्या सोनोरातून आलेल्या डॉजर्सच्या पिचर फर्नांडो व्हॅलेन्झुएलाने लीग हादरवली तेव्हा पत्रकार परिषदांत त्याचे दुभाषे हारीन होते आणि घराघरांतला त्याचा आवाजही तेच होते. ज्या समाजाला स्टेडियमच्या जागेवरून हुसकावलं होतं तो स्टेडियमकडे वळला त्यात या बूथचा वाटा मोठा. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी क्रिकेट समालोचन ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. गळा, भाषा, खेळ, तिन्ही वेगळे असूनही काम तेच असू शकतं.

मग हे काम मरतं कशाने? इतिहासात डोकावा. पिट्सबर्गच्या केडीकेए स्टेशनने ५ ऑगस्ट १९२१ रोजी रेडिओवरून पहिला मोठ्या लीगचा सामना सांगितला. त्यानंतर क्लबमालकांना भीती बसली: फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार? न्यूयॉर्कच्या तिन्ही क्लबांनी आपसात करार करून १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं आपल्या सामन्यांना रेडिओबंदी केली. ब्रुकलिनचे कारभारी झालेले लॅरी मॅकफेल यांनी बंदी झुगारली, सिनसिनाटीहून बार्बरना आणलं आणि १९३९पासून ब्रुकलिन रेडिओवर ऐकू यायला लागलं. ती बंदी आणखी दहा वर्षं टिकली असती तर स्कली कुठल्या बूथमध्ये शिकले असते?

तीच भीती वेगळ्या वेषात परत आली. २०१३मध्ये डॉजर्सनी टाइम वॉर्नर केबल या कंपनीबरोबर २५ वर्षांचा करार केला, रक्कम ८.३५ अब्ज डॉलर. २०१४पासून सामने नव्या स्पोर्ट्सनेट एलए वाहिनीवर गेले. दर जास्त म्हणून डायरेक्टीव्ही या उपग्रह-टीव्ही कंपनीसकट बाकीच्या बहुतेक वितरकांनी वाहिनी घेतली नाही, आणि लॉस एंजेलिस परिसरातल्या निम्म्याहून जास्त घरांत डॉजर्स दिसेनासे झाले. हे कुठले हंगाम होते? २०१४, २०१५, २०१६: स्कलींचे शेवटचे तीन. ज्या शहरात एप्रिल २०१६मध्ये रस्त्याला त्यांचं नाव दिलं त्याच शहरात त्यांचा आवाज बहुसंख्य घरांत पोहोचत नव्हता. अगदी शेवटचे सहा सामने केटीएलए या साध्या अँटेनावर दिसणाऱ्या वाहिनीला दिले, म्हणजे निरोपापुरती दारं उघडली. डायरेक्टीव्हीशी तडजोड झाली एप्रिल २०२०मध्ये. कुणाचं काळीज हलायला हवं होतं तर ते तिथे. ‘असा माणूस पुन्हा होणे नाही’ म्हणत हुंदके देणाऱ्यांनी, होता तेव्हा तो ऐकू का दिला नाही, हे कधी विचारलं?

कात्री आणखी दोन ठिकाणी लागली आहे. पहिली प्रवासखर्चावर. २०२०च्या महासाथीत बाहेरगावचे सामने समालोचकांनी आपल्याच शहरात बसून पडद्यावर बघून सांगितले. नाइलाज होता. पण पैसे वाचतात हे कळल्यावर काही क्लबांनी ती सोय नंतरही चालू ठेवली. यात बिघडतं काय? उंच उडालेला फटका सीमेपार जाणार की झेलला जाणार हे चेंडूकडे बघून कळत नाही. बाह्यक्षेत्ररक्षकाकडे बघायचं असतं: तो पाठ फिरवून धावतोय की जागेवर स्थिरावतोय. पडद्यावर कॅमेरा चेंडूमागे जातो, क्षेत्ररक्षक चौकटीत उशिरा येतो, समालोचकाची हाक एकतर उशिरा येते नाहीतर चुकते. तिसऱ्या बेसवरचा धावपटू, वाऱ्याने फडफडणारा झेंडा, सरावाला सुरू झालेला राखीव पिचर, हे चौकटीबाहेरच राहतं. स्कली उतारवयात फारसे लांब जात नसत. पण मग तो सामना दुसरा समालोचक तिथे जाऊन सांगायचा, हे लक्षात ठेवावं. दुसरी कात्री रेडिओवर. २०२१च्या हंगामात टोरांटो ब्लू जेजच्या प्रक्षेपकाने रेडिओचा वेगळा बूथच बंद करून टीव्हीचं समालोचन रेडिओवर सोडलं. ‘हे बघा, इथे त्याचा खांदा कसा उघडतोय’ हे गाडी चालवणाऱ्याला ऐकवून काय उपयोग? टीव्ही-रेडिओ एकत्र सांगणं स्कलींना जमत होतं ते आधी अनेक वर्षं फक्त रेडिओ केल्यामुळे. शाळा बंद करून शेवटच्या परीक्षेला बसवण्यासारखं हे झालं.

आणि आता यंत्राचा आवाज. २०२३मध्ये विम्बल्डनच्या चित्रफितींना कृत्रिम बुद्धिमत्तेचं समालोचन लागलं, २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन प्रेक्षकांना नामवंत समालोचक अल मायकल्स यांच्या आवाजाची यंत्राने घडवलेली प्रत रोजचा गोषवारा सांगत होती. उद्या कुणी स्कलींचा आवाजही उभा करेल, आणि ‘गळा म्हणजेच स्कली’ म्हणणाऱ्यांकडे त्यावर उत्तर नसेल. स्कोअरबुक, टिपणं, पाणी प्यायला उठणं आणि क्षेत्ररक्षकाकडे लागलेला डोळा म्हणजे स्कली, असं म्हणणाऱ्याकडे असेल.

चाहत्यांचं कुणी ऐकत नाही, ही सबबही तपासून घ्यावी. डेट्रॉइट टायगर्सचे समालोचक अर्नी हार्वेल यांना १९९१च्या हंगामानंतर ठेवणार नाही असं जाहीर झालं तेव्हा मिशिगनमध्ये रान पेटलं. क्लबची मालकी बदलली आणि १९९३मध्ये हार्वेल बूथमध्ये परतले, पुढे २००२पर्यंत टायगर्सबरोबर होते. लोकांनी आवाज उठवला तो माणूस कामावर असताना. स्कलींच्या जागी आलेले जो डेव्हिस यांनी त्यांची नक्कल केली नाही, हे शहाणपणाचं झालं. २०२४च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात डॉजर्सच्या फ्रेडी फ्रीमनच्या होमरनवर त्यांनी गिब्सनची आठवण एका छोट्या वाक्यात जागवली. त्यांनाही मंगळवारचे सामने लागतील, तिथे जाण्याचं तिकीट लागेल, प्रायोजकाच्या नावाशिवायचं एक मिनिट लागेल. तेव्हा डॉजर्सच्या, किंवा कुठल्याही क्लबच्या, चाहत्यांनी पुढच्या हंगामाआधी तीन प्रश्न विचारावेत. आमचा समालोचक संघाबरोबर प्रवास करतो का? रेडिओला स्वतःचा बूथ आहे का? आणि केबलचे पैसे न भरणाऱ्या घरात वर्षातले किती सामने दिसतात?